पगारात मीठ किती? इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा आणि थापा

खर्डेघाशा

मंडळी, गेल्या महिन्यात माझी चारचौघांत फजिती झाली. हापिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा निरोप समारंभ होता आणि मला 'दोन शब्द' बोलायला उभं केलं. मी व्हॉट्सॲपवरून एक मोती वेचून नेला होता. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ देत, लॅटिनमध्ये मिठाला 'साल' म्हणतात, म्हणून पगाराला 'सॅलरी'. त्यावर लगेच 'साहेब छत्तीस वर्षं खाल्ल्या मिठाला जागले' असं जोडून दिलं. टाळ्या पडल्या. सामोसे खाताना नुकतीच लागलेली एक मुलगी जवळ येऊन अगदी मृदू आवाजात म्हणाली, "सर, मीठ पोत्याने द्यायचे की सुटं? आणि हे लिहून ठेवलंय कुणी?" सामोसा घशातच अडकला.

त्यानंतरचे तीन रविवार या एका शब्दात घातले. 'सॅलरी' ही लॅटिन 'सालारियुम'ची मुलगी आणि तिचं मिठाशी नातं आहे, इथवर सगळं खरं. पण शिपायाच्या पदरात मीठ घातल्याचा एकही प्राचीन दाखला नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या ३१व्या खंडात मिठाची थोरवी सांगता सांगता म्हणतो की मानमरातब आणि लष्करी चाकरीतही मीठ येतंच, 'सालारियुम' हे नाव त्यावरूनच पडलं. बस, एवढंच. मीठ देत, मिठासाठी पैसे देत की आणखी काही, यावर तो चकार शब्द काढत नाही. उरलेली गोष्ट पुढच्यांनी रंगवली. शिपायाच्या पगाराला रोमन लोक 'स्तिपेंदियुम' म्हणत, तोच आजचा 'स्टायपेंड'. 'स्तिप्स' म्हणजे नाणं आणि 'पेंदेरे' म्हणजे तोलणं. सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियस मिळत. चांगली खणखणीत चांदी. (रच्याकने, म्हणजे 'बाय द वे', संस्कृतातला 'दीनार' याच देनारियसचा वंशज.)

तर धागा यासाठी. रोजच्या वापरातला एखादा इंग्रजी शब्द घ्या आणि त्याची खरी कुंडली मांडा. अट एकच, आपल्याकडून इंग्रजीत गेलेले ते नेहमीचे 'ठग', 'लूट', 'बंगलो', 'जगरनॉट' बंद. ते शाळेच्या भित्तिपत्रकापासून ऐकतोय.

अर्धाकप

म्हणजे आमच्या कंपनीत पगार लांबला की मी 'यंदा महिना अळणी' म्हणतो, ते व्युत्पत्तीच्या दृष्टीने चूक?

खर्डेघाशा

व्युत्पत्तीच्या दृष्टीने चालेल. इतिहासाच्या दृष्टीने नाही.

चष्मिष

छान धागा. आधी एक चाळणी देतो, निम्मा कचरा तिथेच अडकेल. कुणी म्हणालं की अमुक जुना इंग्रजी शब्द आद्याक्षरं जोडून झालाय, तर डोळे झाकून 'थाप' म्हणा. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, 'टिप' म्हणजे 'टु इन्शुअर प्रॉम्प्टनेस', 'गोल्फ' म्हणजे 'जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन', बायकांना मज्जाव, या सगळ्या थापा. 'न्यूज' हे 'न्यू'चं साधं अनेकवचन आहे, नव्या गोष्टी. आद्याक्षरांचे शब्द पाडायची टाकसाळ खऱ्या अर्थाने विसाव्या शतकात सुरू झाली. 'रडार' १९४०चा, 'लेझर' त्यानंतरचा.

यातली माझी लाडकी थाप 'पॉश'ची, कारण तिच्यात आपली मुंबई आहे. कथा अशी की विलायतेहून मुंबईला येताना बोटीच्या डाव्या बाजूची खोली सावलीत राहायची आणि परतताना उजवीकडची. श्रीमंत साहेब दोन्ही वेळची सावली विकत घ्यायचा आणि त्याच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' असा शिक्का मारायचे. भूगोल बरोबर, ऊन बरोबर, साहेबाचा स्वभावही बरोबर. फक्त शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला मिळालेलं नाही, आणि बोटीच्या कंपनीच्या दप्तरातही अशा शिक्क्याची नोंद नाही. त्यापुढे बहुतेक शब्दकोश 'मूळ अज्ञात' लिहून मोकळे होतात.

अर्धाकप

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), हहपुवा (हसून हसून पुरेवाट), वाखुसा (वाचनखूण साठवली) आणि वरचं रच्याकने (रस्त्याच्या कडेने), हे सगळं याच टाकसाळीतलं ना? दोनशे वर्षांनी कुणीतरी सांगणार, रच्याकने हा कन्नड शब्द आहे.

आणि 'ओके'चं काय? तिथे तर दोनच अक्षरं आहेत.

चष्मिष

बरोब्बर पकडलंत. 'ओके' हा नियमाला अपवाद, आणि त्याचा जन्म चक्क थट्टेतून झालाय. १८३०च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम अशुद्ध लिहून त्याची आद्याक्षरं वापरायचं खूळ होतं. 'ऑल करेक्ट'चं 'ऑल कोरेक्ट', स्पेलिंग ओ आणि के पासून, म्हणून ओके. 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये २३ मार्च १८३९ला तो छापील सापडतो. तसले बाकीचे शब्द वर्षभरात मेले. हा जगला, कारण १८४०च्या निवडणुकीत अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या समर्थकांनी तो उचलला. त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक'. तेव्हा 'सगळं बरोबर' सांगणारा जगातला सर्वांत लोकप्रिय शब्द म्हणजे मुळात एक शुद्धलेखनाची चूक आहे.

सांजवात

एकोणतीस वर्षं सांगली जिल्ह्यात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. मुलांच्या वहीत मी हजारो वेळा 'नाइस' लिहिलं असेल. निवृत्त झाल्यावर कळलं की मी त्यांना काय म्हणत होते. लॅटिन 'नेस्कियुस', म्हणजे ज्याला काही कळत नाही तो. फ्रेंचांनी त्याचा 'नीस' केला, अर्थ मूर्ख. इंग्रजीतही शब्द आला तो 'मूर्ख' म्हणूनच. मग 'नाजूक, नखरेल', मग 'चोखंदळ', मग 'बारकाईचा, नेमका' आणि शेवटी अठराव्या शतकात 'छान'. एवढा पल्ला गाठून बिचारा अगदीच गुळमुळीत झाला, कारण आता तो हवामानापासून सुनेपर्यंत कुणालाही लावता येतो.

'सिली'ची वाट नेमकी उलटी. जुन्या इंग्रजीत 'सॅलिग' म्हणजे सुखी, देवाची कृपा असलेला. जर्मनमध्ये 'झेलिग' अजूनही तसाच पवित्र आहे. इंग्लंडात मात्र धन्य माणूस आधी निष्पाप झाला, निष्पाप म्हणून केविलवाणा झाला आणि केविलवाणा म्हणून बावळट.

चष्मिष

@सांजवात, बाई, 'सिली'ला आपल्याकडे जुळा भाऊ आहे. सम्राट अशोक स्वतःला 'देवानांपिय' म्हणवतो, देवांचा लाडका. आपल्या नालासोपाऱ्याला त्याच्या शिलालेखांचे तुकडे सापडलेत, म्हणजे आपल्या भूमीवरही ती पदवी गाजत होती. पुढे संस्कृत व्याकरणकारांनी 'देवानांप्रिय'चा अर्थ दिला तो 'मूर्ख'! बौद्ध राजावरचा राग म्हणा किंवा 'देवाघरचं लेकरू' म्हणताना आपण जे सुचवतो ते म्हणा, रस्ता तोच.

आणि 'नाइस'सारखा वर चढलेला हवा असेल तर 'साहस' घ्या. स्मृतिग्रंथांत साहस हा गुन्हा आहे, बळजबरीने केलेला. मनूच्या अठरा प्रकारच्या दाव्यांत तो मोडतो. आज आपण साहस शिबिराला पैसे भरून मुलं पाठवतो.

सांजवात

देवानांप्रियचं माहीत नव्हतं! धन्यवाद. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर किमान चार सम्राट अशोक असायचे.

तालीमवाला

लई भारी चाललंय. आमचा बी एक घ्या. आमच्या वस्तादांचा नातू फिजिओथेरपी शिकतोय, त्यानं सांगितलं की 'मसल' म्हणजे लॅटिनमध्ये 'छोटा उंदीर'. मी म्हटलं गप बस. पण त्यानं हात दुमडून दंड फुगवून दाखवला आणि म्हणाला, बघ, कातड्याखाली उंदीर पळतोय का नाही? 'मुस' म्हणजे उंदीर, 'मुस्कुलुस' म्हणजे उंदरू. आपल्या 'मूषका'चाच पावणा.

आता मला सांगा, आपण दंडाला काय म्हणतो? बेडकुळी! रोमच्या पैलवानाच्या दंडात उंदीर आणि कोल्हापूरच्या पैलवानाच्या दंडात बेडूक. मापात बघितलं तर आमचंच जनावर मोठं.

गडवाट

आमच्याकडे जुन्नर भागात 'बेटकुळी' म्हणतात. बेडूक तोच असावा.

मी डोंगरातला माणूस, त्यामुळे डोंगरातलाच शब्द आणलाय. 'टँक'.

गड चढून आल्यावर पहिला प्रश्न, "टाकं कुठंय?" सह्याद्रीतल्या गडांवर विहीर फार कमी, कारण खाली अखंड कातळ. म्हणून कातळ कोरून पावसाचं पाणी साठवायचं. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांचं पाणी ज्याने भर उन्हात ओंजळीने प्यायलंय त्याला टाकं म्हणजे काय हे शब्दकोशात बघावं लागत नाही. आत हात घातला की कोपरापर्यंत गारठा चढतो, आणि भिंतीवर बोटं फिरवली की छिन्नीचे तिरपे घाव लागतात, ओळीने, कालच मारल्यासारखे. पाथरवटाच्या त्या छिन्नीचं नाव 'टाकी'. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात ती हीच. संस्कृतातला 'टंक'. टाकीनं कोरतात ते टाकं, असं मी समजतो.

(अवांतर: त्याहून जुना शब्द 'पोढी'. कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत दानशूर लोकांनी पाण्याची 'पोढी' खोदून दिल्याचं लिहिलंय. तो शब्द आपण हरवला.)

तर माझं म्हणणं, इंग्रजांचा 'टँक' आमच्या टाक्यातून गेलाय.

चष्मिष

जरा थांबा. पोर्तुगीजमध्ये 'टांक' असा शब्द आहे, अर्थ तळं किंवा हौद, आणि त्याचं मूळ 'अडवून धरणे' या अर्थाच्या युरोपीय क्रियापदात आहे. इंग्रज इथे आले तेव्हा किनाऱ्यावरची धंद्याची भाषा पोर्तुगीज होती. शब्द तिकडून उचलला नसेल कशावरून?

गडवाट

आणि सुरतेला उतरल्यावर गुजराती माणूस घरातल्या पाण्याच्या तळघराला 'टांकुं' म्हणत होता, ते त्यांनी कान बंद करून ऐकलं का?

चष्मिष

नाही, ते मान्य. मोठे इंग्रजी शब्दकोशही दोघांना बाजूबाजूला बसवतात, गुजराती-मराठी शब्द आणि पोर्तुगीज शब्द. दोन सारख्या आवाजाचे, सारख्या अर्थाचे शब्द एकाच बंदरात भेटले आणि मिसळले. 'आमचाच' म्हणून झेंडा रोवू नका एवढंच.

गडवाट

अर्धा झेंडा रोवतो. दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

पण पुढची गंमत बघा. आपल्याकडच्या इंग्रजीत टँक म्हणजे तलाव राहिला. मुंबईत बाणगंगा टँक, सी. पी. टँक, गोवालिया टँक. ८ ऑगस्ट १९४२ला 'भारत छोडो'चा ठराव झाला तो गोवालिया टँकवर, आणि तो ऐकताना परदेशातल्या किती लोकांना वाटलं असेल की गांधीजी पत्र्याच्या टाकीवर उभे होते! कारण विलायतेत हा शब्द तळ्यातून निघून पिंपात शिरला, पत्र्याची पेटी झाला. मग पहिलं महायुद्ध. इंग्रजांनी लिंकन गावच्या कारखान्यात पोलादी पट्ट्यांवर चालणारं एक गुपित यंत्र बांधायला घेतलं. बाहेर बोभाटा होऊ नये म्हणून ही पाण्याची टाकी आहे असं भासवलं, आणि गुपित राखायला दिलेलं नावच कायमचं चिकटलं. १५ सप्टेंबर १९१६ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ती 'पाण्याची टाकी' पहिल्यांदा खंदकांवर चालून गेली.

आमच्या गडावर पाणी साठवणारा शब्द, अर्धा का असेना, तिकडे जाऊन रणगाडा झाला. पुढच्या वेळी टाक्यावर बाटली भरताना आठवा.

काळी_माती

वाखुसा. आणि एक प्रश्न. लेकीच्या पुस्तकात 'डिअर' म्हणजे हरीण. तिचा मामा जर्मनीत असतो, तो म्हणाला तिकडे 'टिअर' म्हणजे कुठलाही प्राणी. एकच शब्द आहे का?

चष्मिष

एकच. जुन्या इंग्रजीत 'देओर' म्हणजे कुठलंही जनावर. शेक्सपिअरच्या 'राजा लियर'मध्येसुद्धा उंदीर-घुशींच्या पंक्तीला 'स्मॉल डिअर' येतात. मग फ्रेंचांकडून 'बीस्ट' आला, नंतर 'ॲनिमल' आला. या पाहुण्यांनी ओसरी बळकावली आणि 'डिअर'ला एका कोपऱ्यात हरणापुरती जागा उरली. हरीणच का, तर शिकारीचं जनावर म्हटलं की तेच डोळ्यांपुढे यायचं.

आता लेकीला विचारा, मृगेंद्र म्हणजे कोण?

काळी_माती

सिंह... अरेच्चा! हरणांचा राजा सिंह कसा?

चष्मिष

हरणांचा नाहीच. संस्कृतात 'मृग' म्हणजे मुळात कुठलंही रानातलं जनावर. म्हणून मृगेंद्र म्हणजे सिंह, शाखामृग म्हणजे वानर, आणि मृगया म्हणजे रानडुकराचीही शिकार. ऋग्वेदात विष्णूला 'मृगो न भीमः' म्हटलंय, भयंकर श्वापदासारखा. तिथे आजचा अर्थ घातलात तर भीषण हरीण उभं राहील. पुढे मृगही आक्रसून हरणापुरता उरला. दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर, शब्दांचं आपसांत काही नातं नाही, आणि दोघांनी अख्खं रान सोडून नेमकं हरीणच धरलं. मला हे कुठल्याही फॉरवर्डपेक्षा जास्त थरारक वाटतं.

काळी_माती

आमच्याकडे मृग म्हटलं की हरीण नाही, पेरणी. पण लेकीला सांगितलं. ती म्हणते, "मग कांचनमृग म्हणजे सोन्याचा कुठलाही प्राणी असू शकतो?" मी कामाचं निमित्त काढून शेताकडे आलोय.

यॉर्कवासी

इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये बारा वर्षं राहतोय, आता तोंड उघडतो. हे शहर एके काळी व्हायकिंग लोकांचं होतं, 'योर्विक'. त्यामुळे इथे रस्त्याला 'गेट' म्हणतात, त्यांच्या नॉर्स भाषेतल्या 'गाता'वरून, आणि शहराच्या वेशीला म्हणतात 'बार'. पहिल्या आठवड्यात मी पत्ता शोधत 'गेट' कुठे आहे म्हणून तटबंदीला प्रदक्षिणा घातली होती.

इथे एक 'कॉपरगेट' आहे. मी पुणेकर, मनात म्हटलं, ही इथली तांबट आळी. दोन वर्षं पाहुण्यांना तसंच सांगितलं. मग कळलं की तांब्याचा काही संबंध नाही. नॉर्समध्ये 'कोप्पारी' म्हणजे लाकडाचे पेले-वाट्या कातणारा. १९७०च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा लाकूड कातताना उरलेले गाभे खरंच सापडले. म्हणजे तांबट आळीपेक्षा बुरूड आळीची चुलत बहीण म्हणा.

या व्हायकिंगांनी इंग्रजीला 'स्काय', 'एग', 'नाइफ', 'लॉ' दिले, इतकंच काय 'दे' (ते) आणि 'देअर' (त्यांचं) हे शब्दही दिले. पण मला आवडतो तो 'विंडो'. नॉर्स 'विंद-आउगा', वाऱ्याचा डोळा. काच नव्हती, भिंतीत किंवा छपरात भोक असायचं. धूर बाहेर, वारा आत. त्याआधीचे इंग्रज स्वतः 'डोळ्याचं भोक' अशा अर्थाचा शब्द वापरायचे.

सांजवात

@यॉर्कवासी, आणि आपलं 'गवाक्ष'! गो अधिक अक्ष, गाईबैलाचा डोळा. त्यांना खिडकीत वाऱ्याचा डोळा दिसला, आपल्याला गाईचा. भाजे-कार्ल्याच्या चैत्यांवरच्या त्या गोल कमानी आठवून बघा, डोळाच वाटतो.

यॉर्कवासी

अंगावर काटा आला. आज हापिसात सांगणार. ऐकणार कुणी नाही, तरी सांगणार.

पोळपाट

मी नेहमीची वाचक, आज पहिल्यांदाच लिहितेय. 'लॉर्ड' आणि 'लेडी'बद्दल वाचलं होतं ते खरं आहे का? लॉर्ड म्हणजे भाकरीचा राखणदार आणि लेडी म्हणजे कणीक मळणारी?

चष्मिष

खरं आहे, आणि ही थाप नाही. जुन्या इंग्रजीत 'ह्लाफ्-वेअर्द'. 'ह्लाफ्' म्हणजे आजचा 'लोफ', पाव. 'वेअर्द' म्हणजे राखणारा. झिजून झिजून 'लॉर्ड'. 'लेडी' म्हणजे 'ह्लॅफ्-दिये', त्यातला दुसरा तुकडा 'डो' म्हणजे मळलेल्या पिठाच्या कुळातला. ज्याच्या घरची भाकरी खायची तो धनी, असा साधा हिशोब.

पोळपाट

म्हणजे हजार वर्षांपूर्वीही राखायचं त्याने आणि मळायचं हिने. सन्मान म्हणून 'लेडीज फर्स्ट' म्हणतात ते स्वयंपाकघरात जाण्याबाबत असावं.

अर्धाकप

इंग्रजांच्या काळात आपल्या लोकांनी 'लॉर्डसाहेबा'चा 'लाटसाहेब' केला. आईची ओरड, "लाटसाहेब, उठा आता!" म्हणजे शुद्ध मराठीत, "भाकरीराखे, उठा." उठतो.

यॉर्कवासी

'हजबंड'ही नॉर्सच. 'हूस' म्हणजे घर, 'बोंदी' म्हणजे राहणारा, शेतकरी कुणबी. थोडक्यात, घरधनी. लग्न झालेलं असण्याची अट नव्हती! आणि 'वाइफ' म्हणजे जुन्या काळी नुसती बाई.

पोळपाट

ते तर आपल्याकडेही आहे. 'बायका जमल्या' म्हणजे स्त्रिया, 'त्याच्या दोन बायका' म्हणजे लफडं.

सांजवात

@पोळपाट, नियमित लिहीत जा हो! आणि म्हणूनच 'मिडवाइफ' म्हणजे मधली बायको नव्हे. जुन्या 'मिड'चा अर्थ 'सोबत'. बाळंतिणीच्या सोबत असणारी ती. माझ्या आजीचं बाळंतपण करणारी सुईण रात्रभर आजीचा हात धरून बसली होती, असं आजी शेवटपर्यंत सांगायची. शब्द बनवणाऱ्याने असंच काही पाहिलं असणार.

संत्रानगरी

काय राजेहो, आमच्या संत्र्याले विसरलात? 'ऑरेंज' आपल्या 'नारंग'वरून गेला. इंग्रज 'अ नॉरेंज' म्हणत होते, घाईघाईत 'अन ऑरेंज' झालं आणि 'न' गळला. बरोबर ना?

चष्मिष

अर्धं बरोबर, साहेब. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश 'नारान्हा', इथवर 'न' शाबूत आहे. तो गळला इटली-फ्रान्सच्या वाटेवर, इंग्लंडला फळ पोचायच्या आधीच. चोर इंग्रज नाही.

मात्र तुम्ही सांगितलेली चोरी इंग्रजांनी दुसरीकडे केलीय. 'एप्रन' मुळात 'नॅप्रन', नॅपकिनचा सख्खा भाऊ. 'ॲडर' साप मुळात 'नॅडर'. क्रिकेटचा 'अंपायर' मुळात 'नूंपेअर', म्हणजे कुणाच्या जोडीचा नसलेला, तिऱ्हाईत. तिघांचे 'न' मागच्या 'अ'ने पळवले. भरपाई म्हणून उलटही केलं. 'निकनेम' हे मुळात 'अन एकनेम', जादाचं नाव.

अर्धाकप

अंपायर म्हणजे तिऱ्हाईत. आमच्या गल्लीत फलंदाजाचा भाऊ अंपायर असतो.

मांडवीकाठ

पणजीहून नमस्कार. धागा उशिरा पाहिला. आधी मुंगूस. इंग्रजांचा 'मंगूस' सरळ आपल्या मराठी-कोंकणी मुंगसावरून गेलाय, शब्दकोशांत मराठीचं नाव ठळक आहे. मराठीत तो बहुधा तेलुगूच्या बाजूने आला असावा. अनेकवचन करताना इंग्रज पोरं 'गूस'चं 'गीज' तसं 'मंगीज' करतात आणि मार खातात. बदक नाही रे बाबांनो, मुंगूस आहे.

पण मुख्य सांगायचंय ते @खर्डेघाशा यांना. तुम्ही रोमच्या मिठात तीन रविवार घातलेत आणि तुमच्या धाग्याच्या नावातला पहिला शब्द तसाच सोडलात. 'पगार' कुठून आला?

खर्डेघाशा

आं? पगार मराठीच ना?

मांडवीकाठ

पोर्तुगीज. 'पगार' म्हणजे देणं, चुकतं करणं. पाव, बटाटा, काजूच्या बरोबरीने तो आपल्याकडे उतरला. त्याआधी आपल्याकडे मुशाहिरा होता, तनखा होता, तैनात होती. आमच्या आजोबांच्या पिढीला हा शब्द परका वाटण्याचा प्रश्नच नव्हता, ते दोन्ही भाषांत एकाच उच्चाराने पगार घेत होते.

आता आणखी मागे चला. पोर्तुगीज 'पगार' आला लॅटिन 'पाकारे'पासून. त्याचा अर्थ पैसे देणं नव्हे. 'पाक्स' म्हणजे शांती, 'पाकारे' म्हणजे शांत करणं. घेणेकरी दारात बसलाय, आरडाओरडा करतोय, त्याच्या हातावर काहीतरी ठेवून त्याला गप्प करायचं. त्यावरून पुढे 'चुकतं करणं'. आणि हाच 'पाकारे' फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि झाला 'पे'. म्हणजे तुमच्या हापिसातली 'पे स्लिप' आणि तुमचा 'पगार' सख्खी भावंडं आहेत. एक लंडनमार्गे आलं, एक गोव्यामार्गे.

चष्मिष

दंडवत. तपासलं, तंतोतंत. इंग्रजीत 'पे'चा सुरुवातीचा अर्थही 'शांत करणे, समाधान करणे' असाच होता.

सांजवात

सगळ्यांनी आपापला पगार आठवून बघा. शांत करतात ते नेमकं कुणाला?

खर्डेघाशा

दोन दिवस गायब होतो, महिनाअखेर. पण काल त्या मुलीला चहाच्या वेळी गाठलं आणि पगाराची अख्खी कथा ऐकवली, लंडनमार्गे आणि गोव्यामार्गे. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, हे लिहिलंय कुठे?" या वेळी मी शब्दकोशाचं पान मोबाइलवर उघडून तयार ठेवलं होतं. तिने खरंच वाचलं. मग म्हणाली, "चांगलंय. म्हणजे निरोप समारंभातले साहेब छत्तीस वर्षं मिठाला जागले नाहीत. छत्तीस वर्षं दर महिन्याला गप्प केले गेले."

आत्ता लिहिता लिहिता बँकेचा मेसेज आला. मी शांत झालोय.

अर्धाकप

आमचा अजून आला नाही, मी ओरडतोय. बरं चष्मिषराव, 'बोनस'चं काय?

चष्मिष

लॅटिनमध्ये 'बोनुस' म्हणजे चांगला. बस, एवढंच.

अर्धाकप

आमच्याकडे तोसुद्धा 'मूळ अज्ञात' आहे.